ईश्वर आहे की नाही, हे तपासणाऱ्याला स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश कितपत उपयोगी पडतो

ईश्वराच्या अस्तित्वावर मराठीत वाद कमी होत नाहीत. उणीव आहे ती दोन्ही बाजूंची प्रमाणे त्यांच्या सर्वांत बळकट रूपात एकत्र मांडून, त्यांतले कोणते कशाच्या आधारावर उभे आहे आणि कोणते नेमके कुठे लंगडे पडते, हे सावकाशीने दाखवणाऱ्या लेखनाची. प्रवचनांतून श्रद्धेची बाजू ऐकायला मिळते आणि विवेकवादी नियतकालिकांतून अश्रद्धेची. परंतु दोन्हीकडे समोरच्या पक्षाचे जे चित्र रंगवलेले असते, ते त्या पक्षातल्या जाणत्या माणसाला आपले वाटेलच असे नाही. ज्याला हा प्रश्न मनापासून पडला आहे आणि ज्याची उत्तरासाठी थांबण्याची तयारी आहे, अशा वाचकासाठी मी येथे ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’ या विनामूल्य ऑनलाइन कोशाचे परीक्षण करत आहे. संपूर्ण कोशाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. ईश्वराच्या अस्तित्वाशी संबंधित नोंदींपुरतेच हे लेखन मर्यादित आहे.

हा कोश एडवर्ड झाल्टा यांच्या पुढाकाराने १९९५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला आणि आज त्यात सतराशेंहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक नोंद त्या विषयाच्या अभ्यासकाकडून लिहवून घेतली जाते, संपादक मंडळातील तज्ज्ञ ती तपासतात, आणि पुढे नवे संशोधन झाले की ती अद्ययावत करण्याची जबाबदारी लेखकावरच राहते. वाचण्यासाठी पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही, पानावर जाहिराती नाहीत. वर्षातून चार वेळा संपूर्ण कोशाची त्या क्षणीची प्रत कायमची जतन केली जाते, त्यामुळे एखाद्या लेखकाने दहा वर्षांपूर्वी काय म्हटले होते आणि नंतर आपले म्हणणे कसे बदलले, हेही पडताळून पाहता येते. ज्या विषयात माणसे आपला शब्द मागे घ्यायला सहसा तयार नसतात, त्या विषयात ही सोय मला फार मोलाची वाटते.

या नोंदींचे पहिले बलस्थान त्यांच्या लेखकांच्या निवडीत आहे. ईश्वराच्या केवळ कल्पनेतूनच त्याचे अस्तित्व सिद्ध करू पाहणाऱ्या युक्तिवादांवरील नोंद मुळात ग्रॅहम ऑपी यांनी लिहिली, आणि ते नास्तिक म्हणून ओळखले जातात. विश्वाच्या कारणावरून ईश्वराकडे जाणाऱ्या युक्तिवादांवरील नोंद ब्रूस रायशेनबाख यांची आहे आणि ते ईश्वरवादी आहेत. दुःखाच्या प्रश्नावरील नोंद मायकेल टूली या निरीश्वरवाद्याची, तर नास्तिकता व अज्ञेयवाद यांवरील नोंद पॉल ड्रेपर यांची. यांपैकी कोणीही आपले मत लपवत नाही, तरीही विरुद्ध पक्षाचा युक्तिवाद मांडताना त्यातला एकही दुवा मुद्दाम सैल ठेवलेला आढळत नाही. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडण्याची जी शिस्त होती, तिचीच येथे आठवण होते.

सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारले तर मी विश्वाच्या कारणावरील नोंदीचे नाव घेईन. या एकाच नावाखाली प्रत्यक्षात दोन अगदी वेगळे युक्तिवाद वावरतात आणि आपल्या चर्चांत त्यांची सतत सरमिसळ होते. जे सुरू होते त्याला कारण असते, विश्व सुरू झाले, म्हणून विश्वाला कारण आहे, हा झाला पहिला. तो मध्ययुगीन इस्लामी विचारवंतांनी, विशेषतः अल्-गझाली यांनी मांडला आणि विल्यम लेन क्रेग यांनी १९७९ पासून तो पुन्हा चर्चेत आणला. याचा सारा भार ‘विश्व सुरू झाले’ या विधानावर आहे, आणि हे विधान काही अंशी खगोलशास्त्राच्या कक्षेत येते. म्हणूनच येथे पुराव्याला खरी किंमत आहे. विश्व एका आद्य अणूपासून प्रसरण पावले असावे ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. परंतु १९५१ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी या सिद्धान्तात सृष्टिनिर्मितीचा दाखला पाहिला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. दुसऱ्या टोकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल होते. विश्वाला आरंभच नाही, असे सांगणारा स्थिर-स्थिती सिद्धान्त त्यांनी १९४८ मध्ये बाँडी आणि गोल्ड यांच्या बरोबरीने पुढे आणला. कोल्हापुरात जन्मलेले आणि पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था उभारणारे जयंत नारळीकर त्यांचे विद्यार्थी व सहकारी, आणि १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज व नारळीकर यांनी त्या सिद्धान्ताची सुधारलेली आवृत्तीही मांडली. १९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाच्या बाजूने गेला. तथापि महास्फोट म्हणजे निरपवाद आरंभ, की केवळ आजच्या भौतिकीची नजर पोचते तिथली शेवटची सीमा, हा प्रश्न अजून मिटलेला नाही; म्हणून या पहिल्या युक्तिवादाचे वजन मी बेताचेच धरतो.

दुसरा युक्तिवाद जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझच्या वळणाचा आहे आणि त्याला आरंभाची गरजच नाही. विश्व अनादी असले तरी, ते नसूही शकले असते, मग ते आहे याला पुरेसे कारण काय, असा त्याचा प्रश्न आहे. थॉमस अक्वायनससारख्या निष्ठावंत धर्मशास्त्रज्ञाने, विश्वाला आरंभ होता हे केवळ तर्काने सिद्ध होत नाही, असे तेराव्या शतकातच मान्य केले होते आणि तरीही ईश्वराकडे जाणारे आपले पाच मार्ग सोडले नव्हते, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात ठेवावी. १९४८ मध्ये बीबीसीवर फादर कॉपल्स्टन यांच्याशी झालेल्या वादात बर्ट्रांड रसेल यांनी यावर उत्तर दिले की विश्व आहे, बस्स, त्यापलीकडे विचारण्यासारखे काही नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटते, पण पुरेसे वाटत नाही, कारण इतर प्रत्येक ठिकाणी कारण मागणारी बुद्धी नेमकी येथेच का थांबवावी, याचे समर्थन त्यात नाही. उलट, ईश्वरापाशी पोचल्यावर ईश्वरवादीही तसाच थांबतो, ही नास्तिकाची तक्रारही रास्त आहे. या झुंजीत कोणती बाजू कोणती किंमत मोजते, हे रायशेनबाख यांची नोंद नेमके दाखवते, आणि एवढे उमगले तरी वाचकाने बरेच अंतर कापले असे समजावे.

रचनेवरून रचनाकाराकडे जाणाऱ्या युक्तिवादाची नोंद डेल रॅट्झ आणि जेफ्री कोपर्स्की यांची आहे. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणार, हे धर्मशास्त्रज्ञ पॅलेने १८०२ मध्ये दिलेले उदाहरण, त्याच्याही आधी तत्त्वज्ञ ह्यूमने उपस्थित केलेल्या आणि १७७९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या शंका, १८५९ नंतर डार्विनने सजीवांच्या रचनेला दिलेले नैसर्गिक स्पष्टीकरण, हा क्रम बहुतेकांना ठाऊक असतो. अधिक मनोवेधक भाग भौतिकीतल्या स्थिरांकांचा आहे आणि त्यासाठी सायमन फ्रीडरिख यांची फाइन-ट्यूनिंगवरील स्वतंत्र नोंद वाचावी. काही स्थिरांक थोडेसे वेगळे असते तर तारे, कार्बन आणि म्हणून जीवसृष्टी संभवली नसती, असे गणित सांगते. यावर ‘तसे नसते तर हा प्रश्न विचारायला आपणच नसतो’ असे उत्तर झटकन दिले जाते. या उत्तराची तपासणी करताना जॉन लेस्ली या तत्त्वज्ञाने दिलेले उदाहरण फार कामाचे आहे: गोळ्या घालण्यासाठी उभ्या केलेल्या कैद्यावर अनेक नेमबाजांनी एकाच वेळी गोळ्या झाडल्या आणि सगळ्यांचे नेम चुकले, तर ‘नेम चुकले नसते तर मी विचार करायला उरलोच नसतो’ एवढ्यावर त्या कैद्याचे समाधान होऊ नये. दुसरीकडे, असंख्य विश्वे असतील तर एखाद्यात स्थिरांक जुळून येणारच, ही कल्पना आहे, आणि या स्थिरांकांच्या शक्यता मुळात मोजायच्या कशा, ही मूलगामी अडचणही आहे. माझे मत विचाराल तर ज्याच्या शक्यतांचे मापच निश्चित नाही, त्या घटनेला ‘अत्यंत असंभाव्य’ म्हणणे मला धाडसाचे वाटते.

आता तक्रार, आणि तीच या परीक्षणाचा गाभा आहे. या सर्व मुख्य नोंदी पाश्चात्त्य परंपरेभोवती फिरतात आणि सर्वशक्तिमान, सर्वज्ञ व पूर्णतः कल्याणकारी अशा एका निर्मात्याची ख्रिस्ती-यहुदी-इस्लामी धारणा गृहीत धरूनच बहुतेक चर्चा चालते. भारतीय दर्शनांविषयी या कोशात चांगल्या नोंदी आहेत; नव्यन्याय या तर्कपरंपरेतल्या गंगेशावर स्टीफन फिलिप्स यांची नोंद आहे. परंतु त्या वेगळ्या दालनात राहतात. मराठी वाचकाचे यामुळे नुकसान होते, कारण ईश्वरसिद्धीच्या वादात आपल्याकडे जे झाले ते पाश्चात्त्य वादापेक्षा उणे नव्हते आणि काही बाबतींत कित्येक शतके आधीचे होते.

एकच मुद्दा जवळून पाहू. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, म्हणतो: पृथ्वी, अंकुर इत्यादींना कर्ता आहे, कारण ती कार्ये आहेत, जे कार्य असते त्याला कर्ता असतो, जसा घटाला. यावर सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडिताचा आक्षेप असा की काही विशिष्ट प्रकारच्या रचना पाहिल्यावर आपण कर्त्याचे अनुमान करतो, कारण तशा रचना करणारे आपण पाहिलेले असतात. केवळ ‘कार्य’ हा शब्द दोन्हीकडे लागू पडतो म्हणून पर्वतालाही कर्ता जोडता येत नाही. तसे चालत असते तर घट मातीचा विकार असून तो कुंभार करतो, वारूळही मातीचाच विकार आहे, म्हणून वारूळही कुंभारानेच केले असे सिद्ध झाले असते. घराच्या रचनेवरून विश्वाच्या रचनाकाराकडे जाण्यात साम्य किती तोकडे आहे, हे ह्यूमने अठराव्या शतकात सांगितले. वारुळाच्या या एका दाखल्यात त्या आक्षेपाचा कणा सुमारे हजार वर्षे आधी आलेला आहे.

वाद तिथे संपला नाही. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ केवळ ईश्वरसिद्धीसाठी रचला. त्याच्या पाचव्या स्तबकाच्या (प्रकरणाच्या) आरंभी ‘कार्यायोजनधृत्यादेः’ अशी सुरुवात असलेल्या कारिकेत (श्लोकात) त्यांनी सर्व हेतू एकत्र गुंफले आहेत: विश्व कार्य असणे, सृष्टीच्या आरंभी अणूंचा संयोग घडवणारी प्रेरणा, विश्व आधाराविना न कोसळणे, त्याचा संहार, भाषा व कलाकौशल्याची परंपरा, वेदांचे प्रामाण्य, इत्यादी. हे एकाच सुळक्यावर उभे राहणे नव्हे. अनेक दिशांनी आलेली प्रमाणे एकत्र तोलण्याचा हा प्रयत्न आहे. तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांनी १९७९ मध्ये संभाव्यतेच्या गणिताच्या आधारे असाच एकत्रित विचार मांडला, तेव्हा पाश्चात्त्य जगात त्याला नवेपण वाटले. उदयनांचा ईश्वर मात्र शून्यातून विश्व निर्माण करत नाही. अणू नित्य आहेत, जीव नित्य आहेत, आणि ईश्वर जीवांच्या अदृष्टानुसार, म्हणजे पूर्वकर्मांच्या साठ्यानुसार, अणूंची जुळणी करतो. म्हणूनच ‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे’ हा लाइब्निझचा प्रश्न न्यायदर्शनात त्या रूपात उद्भवत नाही, आणि कोशातील नोंदी वाचताना हा फरक मनात पक्का ठेवला नाही तर वाचक आपल्या परंपरेतील ईश्वरावर परकी मापे लावून बसतो.

ईश्वर मानणारे सगळे या अनुमानाच्या बाजूने होते, असेही नाही. रामानुजाचार्यांसारख्या परम वैष्णवाने श्रीभाष्यात नैयायिकांचे अनुमान नाकारून, ब्रह्म शास्त्रावरूनच कळते, अशी भूमिका घेतली. आणि वेदांवर अढळ निष्ठा असलेल्या मीमांसक कुमारिल भट्टांनी जगत्कर्ता ईश्वर नाकारताना, शरीर नसलेल्याने निर्मिती करायची कशी आणि कोणत्या प्रयोजनासाठी, असे प्रश्न विचारले. आस्तिक विरुद्ध नास्तिक अशी सरळ रेघ मारणाऱ्यांनी हे दोन दाखले जरूर विचारात घ्यावेत.

दुःखाच्या प्रश्नावर हा फरक सर्वांत तीव्रतेने जाणवतो. टूली यांच्या नोंदीत दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: दुःखाचे अस्तित्व आणि पूर्ण ईश्वर यांत तार्किक विसंगती आहे, हा तत्त्वज्ञ मॅकी यांनी १९५५ मध्ये केलेला दावा, आणि विसंगती नसली तरी दुःखाचे प्रमाण व स्वरूप पाहता असा ईश्वर संभवनीय वाटत नाही, हा विल्यम रो यांनी १९७९ मध्ये मांडलेला सौम्य पण अधिक टणक दावा. माणसाला स्वातंत्र्य द्यायचे तर त्याच्या दुरुपयोगाची शक्यताही आलीच, या तत्त्वज्ञ प्लँटिंगा यांच्या युक्तिवादाने पहिला दावा बराच बोथट झाला, हे अनेक निरीश्वरवादीही मान्य करतात. दुसरा मात्र उभा आहे. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला माणसे चर्चमध्ये जमलेली असताना पोर्तुगालचे लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, आणि त्या घटनेने युरोपच्या विचारवंतांची झोप उडवली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतींचे विसर्जन आटोपून माणसे झोपलेली असताना किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला आणि सात हजारांहून अधिक माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. मानवी स्वातंत्र्याचा दुरुपयोग हे भूकंपाचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही.

भारतीय ईश्वरवादी येथे कर्माकडे वळतो. ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ या ब्रह्मसूत्रावरील भाष्यात शंकराचार्य ईश्वराला पर्जन्याची उपमा देतात: पाऊस सर्वांना सारखाच, तांदूळ की यव उगवायचे हे बीजावर. ही मांडणी ईश्वराला पक्षपात आणि क्रूरता या दोन्ही आरोपांतून सोडवते, हे मान्य केले पाहिजे. टूली ज्या युक्तिवादाची छाननी करतात, त्यातले ‘ईश्वराला हे थांबवता आले असते’ हे गृहीतकच ती बदलते. परंतु तिची किंमत मोठी आहे. ढिगाऱ्याखाली गेलेल्या तान्ह्या मुलाच्या पूर्वजन्मीच्या कर्माचा कोणताही स्वतंत्र पुरावा आपल्यापाशी नसतो. दुःख आहे म्हणून कर्म होते असे म्हणायचे आणि कर्म होते म्हणून दुःख न्याय्य आहे असेही म्हणायचे, तर ते प्रमाण राहत नाही. शिवाय ज्याचे लेकरू गेले त्याला हे ऐकवणे मला कोणत्याही अवस्थेत मान्य होणार नाही. सर्वशक्तिमान आणि परमदयाळू अशा ईश्वराविरुद्ध जेवढी प्रमाणे आहेत, त्यांत हे सर्वांत जड आहे, असे माझे मत आहे.

पास्कलच्या पैजेवरील ॲलन हायेक यांची नोंद तर मी प्रत्येकाला वाचायला सांगतो. श्रद्धा ठेवली आणि ईश्वर असला तर अनंत लाभ, नसला तर किरकोळ तोटा, म्हणून श्रद्धाच शहाणपणाची, हा तो हिशोब. परलोक नसला तर काय बिघडले, पण असला तर नास्तिक मेलाच, असा आशय सांगणारे संस्कृत सुभाषित आपल्याकडेही आहे. हायेक दाखवतात की लाभ खरोखर अनंत असेल तर नाणे उडवून श्रद्धा ठरवणाऱ्याचाही अपेक्षित लाभ अनंतच येतो, कारण अनंताचा निम्मा भागही अनंतच. ज्या हिशोबात ठाम श्रद्धा आणि नाणेफेक यांची किंमत एकच निघते, तो हिशोब श्रद्धेचे समर्थन कसे करणार? युक्तिवादाचे आतले यंत्र उघडून दाखवण्याचे याहून चांगले उदाहरण मला या कोशात आढळले नाही.

भाषेचा अडसर मात्र खरा आहे. इंग्रजी प्रौढ आहे, वाक्ये घट्ट विणलेली आहेत, आणि काही नोंदींत तर्कशास्त्राची चिन्हे पानभर पसरतात. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर हे वाचणे त्रासदायक होते, आणि नीट छापता येईल अशी पीडीएफ प्रत कोशाच्या वर्गणीदार सभासदांनाच मिळते. पारिभाषिक शब्दांसाठी दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला, १९७४ चा त्रिखंडात्मक ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळाला तर तो शेजारी ठेवावा. कोशातील चर्चा त्याने मराठीत विचार करण्याजोगी होते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी, वादसभांत भाग घेणाऱ्यांनी आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना अडखळणाऱ्या पालकांनीही या नोंदी वाचाव्यात, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. मात्र शेवटी निकाल लावून मिळेल या अपेक्षेने जाऊ नये, कारण तो येथे कोणी लावत नाही.

क्रम विचाराल तर आधी विश्वाच्या कारणावरील नोंद, मग दुःखाच्या प्रश्नावरील, त्यानंतर पास्कलची पैज आणि फाइन-ट्यूनिंग असा घ्यावा, आणि ऑपी यांची नोंद सर्वांत शेवटी ठेवावी, कारण ती सर्वांत कठीण आहे. टूली यांच्या नोंदीतला संभाव्यतेचा गणिती भाग पहिल्या वाचनात वगळला तरी मुख्य युक्तिवाद समजायला अडचण येत नाही.